सोबतीचे औषध: होकार देण्याआधी

स्तनाचा कॅन्सर हाडांत, फुप्फुसात किंवा यकृतात पसरल्याचे पेट-सीटीत दिसते. बायोप्सीच्या अहवालात ईआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह असे लिहून येते. मग डॉक्टर सांगतात, हार्मोनची गोळी सुरू करू आणि तिच्यासोबत आणखी एक औषध देऊ. किंवा सांगतात, आमच्याकडे एक ट्रायल चालू आहे, त्यात तुम्ही बसता का ते पाहू. घरच्यांच्या मनात तेव्हा दोनच प्रश्न असतात: बरे वाटेल ना, आणि खर्च किती? दोन्ही रास्त आहेत. पण त्यांच्या मधे आणखी काही प्रश्न आहेत. ते विचारले की या दोहोंची उत्तरेही नीट मिळतात.

पहिली गोष्ट स्पष्ट करून घ्या. जे दुसरे औषध सुचवले जात आहे ते सिद्ध होऊन बाजारात आलेले आहे, की अजून तपासले जात आहे? बोलण्याच्या ओघात दोन्हींना ‘नवीन ट्रीटमेंट’ म्हटले जाते आणि तिथेच घोटाळा होतो. सिद्ध झालेले औषध हा उपचार आहे. तपासले जाणारे औषध हा अजून प्रश्न आहे, आणि तो सोडवायला तुमची मदत मागितली जात आहे. मदत करण्यात काहीच गैर नाही. अशा हजारो बायकांनी ती केली म्हणून आजची औषधे आहेत. फक्त आपण नेमके कशाला हो म्हणतोय, ते माहीत हवे.

दुसरे औषध लागतेच कशाला, हे समजून घेणे अवघड नाही. या प्रकारच्या कॅन्सरच्या पेशी इस्ट्रोजेनच्या इशाऱ्यावर वाढतात. लेट्रोझोलसारखी गोळी शरीरात इस्ट्रोजेन तयार होऊ देत नाही, फुलव्हेस्ट्रँटचे इंजेक्शन पेशीतला इस्ट्रोजेनचा ग्राहीच मोडून टाकते. काही महिने, कधी काही वर्षे, रोग दबून राहतो. मग पुढचे दार बंद दिसले की मागच्या दाराने शिरावे तशा या पेशी वाढीचा दुसरा मार्ग शोधतात. पेशीचे विभाजन पुढे ढकलणारी सीडीके-४ आणि सीडीके-६ ही प्रथिने हा त्यातला एक महत्त्वाचा मार्ग. पेशीचक्राचे हे नियंत्रण उलगडल्याबद्दल लीलंड हार्टवेल, टिम हंट आणि पॉल नर्स यांना २००१ मध्ये नोबेल मिळाले. २००९ मध्ये लॉस एंजेलिसच्या युसीएलए विद्यापीठात रिचर्ड फिन, डेनिस स्लेमन आणि सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेतल्या कॅन्सर पेशींवर ही प्रथिने अडवणारे पॅल्बोसिक्लिब वापरून पाहिले, तेव्हा ईआर पॉझिटिव्ह पेशीच त्याला सर्वांत जास्त दबल्या. म्हणजे दोन औषधांची जोडी कोणी अंदाजाने जमवलेली नव्हती. दोन्ही दारे एकदम बंद करायची, हा त्यामागचा विचार होता.

पण विचार बरोबर असला म्हणजे औषध चालतेच असे नाही, आणि हा मुद्दा मला या लेखात सर्वांत आग्रहाने मांडायचा आहे. एन्टिनोस्टॅट हे त्याचे उदाहरण. हार्मोनच्या गोळीला दाद न देणाऱ्या पेशी त्याने पुन्हा दाद देऊ लागतील, अशी त्यामागची कल्पना होती. दुसऱ्या टप्प्यातल्या लहान ट्रायलमध्ये एक्झेमेस्टेन या हार्मोनच्या गोळीसोबत ते घेतलेल्या स्त्रिया साधारण २८ महिने जगल्या आणि नुसते एक्झेमेस्टेन घेतलेल्या २० महिन्यांच्या आसपास. सगळीकडे आशा पसरली. मग अमेरिकेत ६०८ रुग्णांची तिसऱ्या टप्प्यातली ट्रायल झाली. तिथे रोग आटोक्यात राहण्याचा काळ एका गटात ३.३ महिने आणि दुसऱ्यात ३.१ महिने निघाला. आयुष्यातही म्हणण्यासारखा फरक नव्हता. लहान ट्रायलमध्ये दिसलेला फायदा मोठ्या ट्रायलमध्ये विरून गेला. म्हणून कोणी ‘खूप छान रिझल्ट आहेत’ म्हटले, तर विचारा: कोणत्या टप्प्यात? किती रुग्णांत? पहिला टप्पा मुख्यतः मात्रा आणि सुरक्षितता पाहतो, दुसरा औषधात दम आहे का ते चाचपतो, आणि तिसऱ्यात ते चालू उपचाराशी थेट ताडून पाहिले जाते. तिसऱ्यापर्यंत पोचून टिकले, तर ते उपचार म्हणवून घ्यायला पात्र ठरते.

पॅल्बोसिक्लिब टिकले. १६५ स्त्रियांच्या पहिल्या अभ्यासावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१५ च्या फेब्रुवारीत त्याला घाईची मंजुरी दिली. पुढे पालोमा-२ या ६६६ स्त्रियांच्या ट्रायलमध्ये लेट्रोझोलसोबत ते घेणाऱ्यांचा रोग २४.८ महिने दबून राहिला, आणि नुसते लेट्रोझोल घेणाऱ्यांचा १४.५ महिने. इथे आकडा वाचायची एक सवय लावून घ्यावी. २४.८ महिने हा मध्यक आहे. निम्म्या स्त्रियांचा रोग त्याआधी वाढला आणि निम्म्यांचा त्यानंतर. तुमच्या आईला किंवा बायकोला नेमके तेवढेच महिने मिळतील, असे तो सांगत नाही. आणि ‘रोग दबून राहणे’ म्हणजे ‘जास्त जगणे’ नव्हे. स्कॅनमध्ये गाठींचे मोजमाप ठरावीक हद्दीच्या, साधारण २० टक्क्यांच्या, पुढे गेले किंवा नवी गाठ दिसली की रोग वाढला असे धरतात. आयुष्य किती वाढले, हा वेगळा आकडा असतो आणि तो कळायला आणखी काही वर्षे जातात. पालोमा-२ चा तो आकडा आला तेव्हा दोन गटांत ५३.९ आणि ५१.२ महिने असा फरक निघाला. संख्याशास्त्राच्या कसोटीला तो उतरला नाही.

याच कुळातल्या रायबोसिक्लिबची गोष्ट वेगळी झाली. मोनालीसा-२ मध्ये, ६६८ स्त्रियांत, ते लेट्रोझोलसोबत घेणाऱ्या ६३.९ महिने जगल्या आणि न घेणाऱ्या ५१.४ महिने. वर्षभराचा फरक, आणि तो कसोटीला उतरलेला. तिसरे औषध अबेमासिक्लिब. फुलव्हेस्ट्रँटसोबत दिल्यावर त्यानेही आयुष्य वाढवले, ३७.३ वरून ४६.७ महिन्यांवर. मात्र ही तिन्ही औषधे या ट्रायलमध्ये एकमेकांसमोर उभी केलेली नव्हती. प्रत्येक ट्रायलमधल्या स्त्रिया वेगळ्या, आधीचे उपचार वेगळे. त्यामुळे ‘हे भारी, ते हलके’ असा निकाल नुसत्या आकड्यांवरून लावू नये. डॉक्टरांनी पॅल्बोसिक्लिब निवडले असेल तर त्यांना कारण विचारा. हृदयाचा ईसीजी, यकृताची तपासणी, परवडणे, घरातून हॉस्पिटलचे अंतर, अशी चांगली कारणे असू शकतात.

‘ट्रायलमधल्या स्त्रिया माझ्यासारख्या होत्या का?’ हा प्रश्न फारसे कोणी विचारत नाही. माझ्या मते उपयोगाचा असा दुसरा प्रश्न नाही. अ‍ॅनास्ट्रोझोल ही हार्मोनची गोळी आणि फुलव्हेस्ट्रँट एकत्र द्यावे का, हे दोन मोठ्या ट्रायलमध्ये पाहिले गेले. अमेरिकेतल्या ७०७ स्त्रियांच्या ट्रायलमध्ये फायदा दिसला. दुसऱ्या, ५१४ स्त्रियांच्या ट्रायलमध्ये काहीच दिसला नाही. औषधे तीच होती. पण अमेरिकेतल्या ट्रायलमध्ये आधी कधीच हार्मोनचे औषध न घेतलेल्या स्त्रिया बऱ्याच जास्त होत्या, आणि फायदा मुख्यतः त्यांच्यातच दिसला.

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी वजन आहे, कारण इथे पाळी जाण्याआधीच हा आजार झालेल्या स्त्रियांचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आहे. पालोमा-२ आणि मोनालीसा-२ पाळी गेलेल्या स्त्रियांवर झाल्या. तरुण स्त्रियांसाठी मोनालीसा-७ पाहावी लागते. ६७२ स्त्रिया, सर्वांना अंडाशयाचे काम थांबवणारे गोसेरेलिनचे इंजेक्शन, हार्मोनची गोळी आणि अर्ध्या स्त्रियांना त्यासोबत रायबोसिक्लिब. साडेतीन वर्षांनंतर रायबोसिक्लिब घेणाऱ्यांपैकी ७० टक्के स्त्रिया हयात होत्या, न घेणाऱ्यांपैकी ४६ टक्के. म्हणून पाळी चालू असलेल्या स्त्रीला अशी जोडी दिली जात असेल, तर अंडाशय बंद करण्याचे काय ठरले, हे विचारायलाच हवे. दर महिन्याचे इंजेक्शन की ऑपरेशनने ओव्हरी काढणे, दोन्हींचे हिशेब वेगळे आहेत, आणि मुलाबाळांचा विचार अजून बाकी असेल तर हे बोलणे आधीच व्हावे.

तरुण स्त्रीचा रोग वेगाने पसरताना दिसला की घरचे म्हणतात, जोरदार केमो द्या, गोळ्यांनी काय होणार? हा समज राइट चॉइस नावाच्या ट्रायलने थेट तपासला. अजून पाळी न गेलेल्या, रोग आक्रमक असलेल्या २२२ स्त्रिया घेतल्या. एका गटाला दोन औषधांची केमो, दुसऱ्याला रायबोसिक्लिब आणि हार्मोनची औषधे. गोळ्यांच्या गटात रोग २१.८ महिने दबून राहिला, केमोच्या गटात १२.८ महिने. यकृत निकामी होण्याच्या बेतात असेल अशी परिस्थिती निराळी. पण केस गेले नाहीत म्हणजे उपचार कमी पडला, असे धरून चालू नका.

आता पैशाबद्दल. नेदरलँड्समध्ये डॉक्टरांनी स्वतः पुढाकार घेऊन सोनिया नावाची ट्रायल केली. १,०५० रुग्ण. अर्ध्यांना सीडीके गोळी पहिल्यापासून, अर्ध्यांना आधी नुसती हार्मोनची गोळी आणि रोग वाढल्यावर सीडीके गोळी. शेवटी दोन्ही वाटांचा हिशेब केला, तेव्हा आयुष्यात फरक निघाला नाही. आधी सुरू केलेल्यांना मात्र गोळी सुमारे १६ महिने जास्त घ्यावी लागली, त्रास जास्त झाला आणि खर्चही. यातल्या बहुतेकांना पॅल्बोसिक्लिब दिले होते, म्हणून हा निष्कर्ष रायबोसिक्लिबला जसाच्या तसा लावता येत नाही, आणि ज्यांचा रोग झपाट्याने वाढतोय त्यांच्यासाठीही नाही. पण हाडांपुरता, संथ रोग असलेल्या साठीच्या बाईसाठी घर गहाण टाकण्याचा विचार चालला असेल, तर ‘आत्ता नुसती हार्मोनची गोळी आणि पुढच्या वेळी हे औषध, असे चालेल का?’ हे विचारण्यात कंजुषी नाही. हा प्रश्न एका संपूर्ण देशाने विचारला आहे. भारतात पॅल्बोसिक्लिबचे पेटंट २०२३ च्या जानेवारीत संपले, अनेक देशी कंपन्यांचे जेनेरिक आले आणि किंमत बरीच उतरली. एकाच शहरातल्या दोन औषधदुकानांत भाव निराळे मिळतात, म्हणून चौकशी करूनच घ्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसते, हे योजनेतल्या हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला गोळी सुरू करण्याआधी विचारावे. सुरू झाल्यावर कागदपत्रांचा घोळ वाढतो.

जोडीचे पुढचे पाऊल म्हणजे तीन औषधे. गाठीत पीआयके-३-सीए नावाच्या जनुकात बदल असेल आणि आधीची हार्मोनची गोळी चालू असतानाच किंवा संपून वर्षभरात रोग परतला असेल, तर पॅल्बोसिक्लिब आणि फुलव्हेस्ट्रँटला इनाव्होलिसिबची जोड दिल्यावर रोग ७.३ ऐवजी १५ महिने दबून राहिला. ३२५ रुग्णांची ही ट्रायल २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. पण ती ज्यांच्यावर झाली त्यांची तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीए१सी, ६ च्या खाली असणे बंधनकारक होते. या औषधाने साखर वाढते. आपल्या घराघरांत मधुमेह आहे. तेव्हा मधुमेही बाईला हे औषध सुचवले तर ट्रायलचा आकडा तिच्यासाठी नाही, हे ध्यानात ठेवून साखरेच्या डॉक्टरांना आधीच सोबत घ्यावे.

समजा तुम्हाला ट्रायलसाठीच विचारले गेले. पहिली भीती प्रयोगाचा उंदीर होण्याची आणि दुसरी खोटी गोळी मिळण्याची असते. दुसरीचे उत्तर सरळ आहे. या आजाराच्या अशा ट्रायलमध्ये नेहमीची हार्मोनची औषधे दोन्ही गटांना मिळतात. खोटी असते ती जोडीची गोळी. नुसत्या खोट्या गोळीवर कोणाला ठेवत नाहीत. तरीही ‘दुसऱ्या गटाला काय मिळते?’ हा प्रश्न न चुकता विचारा. आज जगात जे सर्वांत चांगले मानले जाते ते त्या गटाला मिळत नसेल, तर त्याचे कारण मागा. आपण कोणत्या गटात जाणार हे डॉक्टर ठरवत नाहीत, ते संगणकी सोडतीने ठरते. ओळखीने, विनंतीने ते बदलत नाही, आणि बदलू नये, कारण त्यावरच निकालाचा खरेपणा उभा आहे.

पहिल्या भीतीवर उपाय म्हणजे कागद. भारतात २००९ च्या जूनपासून औषधांची प्रत्येक ट्रायल सरकारी नोंदवहीत, म्हणजे सीटीआरआयमध्ये, नोंदवणे बंधनकारक आहे. ही नोंद कोणालाही इंटरनेटवर फुकट पाहता येते. तिचा नोंदणी क्रमांक मागा. घरातल्या कॉलेजच्या मुलाला ते पान काढायला सांगा: किती रुग्ण, कोणता टप्पा, कोणती हॉस्पिटले, पैसा कोणाचा, सगळे तिथे असते. २०१९ च्या नियमांनुसार ट्रायलमुळे इजा झाली तर आवश्यक ते उपचार मोफत मिळाले पाहिजेत, आणि इजा ट्रायलशी निगडित ठरली तर नुकसानभरपाईही. संमतिपत्र तुम्हाला समजणाऱ्या भाषेत हवे. मराठीतले मागा आणि घरी घेऊन जा. वाचता येत नसेल तर ट्रायलशी संबंध नसलेला साक्षीदार हजर असला पाहिजे. ‘इथे सही करा, बाकी आम्ही बघतो’ असे कोणी म्हटले, तर त्या दिवशी सही करू नका. आणि ट्रायलमधून केव्हाही, कारण न देता बाहेर पडता येते. त्याने त्याच हॉस्पिटलमधले पुढचे उपचार बंद होत नाहीत.

ट्रायलची विचारपूस करायची वेळही महत्त्वाची आहे. बहुतेक ट्रायलमध्ये ‘आधी किती उपचार झाले’ याची अट असते. परळच्या टाटा मेमोरियलला जायचे मनात आहे, पण गावाकडे आधी दोन केमो आणि एक गोळी होऊन गेली, तर काही दारे बंद झालेली असतात. म्हणून रोग वाढल्याचे कळले, नवे औषध अजून सुरू झालेले नाही, तेवढ्या दिवसांत चौकशी करा. जाताना नुसती फाइल पुरत नाही. बायोप्सीचा ब्लॉक आणि स्लाइड लॅबकडून मागून घ्या. तो ब्लॉक तुमचा आहे. नवी तपासणी त्याच्यावरच होते. रोग परतला असेल तर शक्य तिथे नव्या जागेची बायोप्सी करा, कारण ईआर आणि हर-टू बदललेले सापडू शकतात. हर-टूचा अहवाल ‘२+’ असा असेल तर फिश तपासणी झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

खर्चात ट्रायलचे औषध बहुधा मोफत असते. पण गाडीभाडे, राहणे, सोबतच्या माणसाचा बुडालेला रोजगार, जास्तीचे स्कॅन आणि रक्ततपासण्या यांतले कोण काय देणार, ते लेखी विचारा. लातूर-नांदेडहून दर पंधरा दिवसांनी मुंबई गाठायची म्हणजे काय, हे ट्रायलच्या कागदावर लिहिलेले नसते.

घरी आल्यावर सांभाळायच्या काही गोष्टी. पॅल्बोसिक्लिब आणि रायबोसिक्लिब २१ दिवस घेऊन ७ दिवस थांबायचे असते. अबेमासिक्लिब रोज दोनदा, न थांबता. पालोमा-२ मध्ये दोन तृतीयांश स्त्रियांच्या पांढऱ्या पेशी बऱ्याच उतरल्या, पण त्यासोबत ताप येऊन गंभीर झालेल्या दोन टक्क्यांच्याही खाली होत्या. म्हणून डॉक्टरांनी गोळी आठवडाभर थांबवली किंवा मात्रा कमी केली, तर उपचार वाया गेला असे समजू नका. अबेमासिक्लिबने जुलाब होतात. पहिल्या जुलाबालाच घ्यायची गोळी आधीपासून घरात ठेवा. रायबोसिक्लिब ईसीजीवर परिणाम करू शकते. ते टॅमॉक्सिफेनसोबत देत नाहीत, आणि उलटीसाठी आपण सहज घेतो त्या ऑन्डान्सेट्रॉनसाठीही आधी विचारावे लागते. टीबीचे रिफॅम्पिसिन, फिट्सची काही औषधे, बुरशीवरच्या काही गोळ्या सीडीके गोळ्यांचे रक्तातले प्रमाण बिघडवतात. ग्रेपफ्रूट आणि पपनस टाळा. काढे, चूर्ण, अश्वगंधा, कोणी आणून दिलेली पुडी, जे काही चालू असेल ते डॉक्टरांना सांगा. रागावतील म्हणून लपवू नका. ट्रायलमध्ये तर ते लपवले की तुमच्या जिवाला धोका आणि निकालही खोटा.

ताप १००.४ च्या वर गेला तर सकाळची वाट न पाहता फोन करायचा. तो नंबर कोणाचा, रात्री उचलला जातो का, आणि जवळच्या गावात नेले तर तिथल्या डॉक्टरांना काय दाखवायचे, हे पहिल्याच भेटीत लिहून घ्या. ट्रायलमध्ये असाल तर आणखी दोन गोष्टी विचारून ठेवा. औषध लागू पडत असताना ट्रायल संपली तर ते पुढे मिळत राहील का? दुसरा पर्याय नसेल आणि डॉक्टरांनी शिफारस केली, तर ते विनामूल्य देण्याची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. आणि निकाल लागेल तेव्हा, चार वर्षांनी का होईना, तो आम्हाला कळवाल का?